पडवीतलं काचेचं दुकान

अब्बा आखातातून कायमचे परत आले तेव्हा त्यांच्या मागून चार लाकडी पेट्या आल्या. आधी त्या मुंबईच्या बंदरात अडकून पडल्या, मग टेम्पोतून मुरुडला आल्या. ज्या सकाळी त्या आमच्या दारात उतरल्या, त्याच सकाळी मला अलिबागला कॉलेजचा अर्ज भरायला जायचं होतं. टेम्पोवाला म्हणाला, "काचेचा माल आहे, घरच्यांनीच उचला. फुटलं तर माझ्यावर नको." अब्बांना उचलता येत नव्हतं. अम्मी काचेला हात लावायला घाबरायची. बहीण लग्न होऊन तळा गावाला गेलेली. मी ओढणी कमरेला खोचली आणि पेटीची एक बाजू धरली. अर्ज उद्या भरू, असं मी म्हणाले.

त्या वर्षी तो भरलाच गेला नाही.

अब्बांनी बावीस वर्षं तिकडच्या एका दुकानात काम केलं होतं. घरासाठी आणि ऑफिसच्या टेबलासाठी धातूच्या आणि काचेच्या देखण्या वस्तू विकणारं दुकान. पितळी पेनदाण्या, जाड काचेची पेपरवेट, पाकीट फोडायच्या लांब सुऱ्या, व्हिजिटिंग कार्डं ठेवायच्या तबकड्या, पुस्तकं पडू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना लावायचे धातूचे टेके, काचेचे वाडगे, मेणबत्त्यांचे उंच स्टँड. दर सुट्टीत ते त्यातलं एखादं घरी आणत आणि अम्मी ते कपाटात कपड्यांच्या मागे ठेवून देई. आमच्या घरात लिहायचं टेबलच नव्हतं. मी पलंगावर मांडी घालून अभ्यास करायचे.

मग अब्बांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. आधी चहाचा कप बशीवर वाजायचा. पुढे एक दिवस गिऱ्हाइकासमोर त्यांच्या हातून मोठी फुलदाणी सुटली. मालक भला माणूस होता, ओरडला नाही. पण काचेच्या दुकानात थरथरणारा हात ठेवता येत नाही, हे अब्बांनाही समजत होतं. निघताना मालकाने गोदामातला न खपलेला जुना माल त्यांना देऊन टाकला. अब्बांनी तो निरोपाची भेट म्हणून नाही घेतला. दुकानाची शाखा काढायला निघाल्यासारखा घेतला.

समुद्राकडे जाणारा रस्ता आमच्या पडवीला लागूनच जातो. अब्बांनी पडवीला सरकत्या काचा आणि बाहेरून शटर बसवलं, भिंतीला पांढरा रंग दिला, तीन बाजूंना काचेच्या फळ्या लावल्या. मध्ये एक टेबल. टेबल आणि फळ्या यांच्यात एक माणूस तिरका होऊन जाईल एवढीच वाट उरली. मी त्या वाटेने कोपर पोटाशी घट्ट धरून चालायला शिकले. ओढणीला टाचणी लावायला शिकले, कारण तिच्या टोकाने पहिल्याच आठवड्यात एक मेणबत्तीचा स्टँड खाली घेतला होता.

"फक्त हा सीझन," अब्बा म्हणाले. "दुकानाचा जम बसू दे. मग तू जा."

मी मान हलवली. तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि मला वाटलं, सीझन म्हणजे दिवाळी ते मे. एवढंच.

काम सोपं होतं आणि संपत नव्हतं. समुद्राची हवा पितळेला सोडत नाही. आठ दिवसांत त्यावर काळपट डाग पडतात, पंधरा दिवसांत हिरवट. शेजारच्या बायका म्हणायच्या, आमसुलाच्या पाण्याने घास, लख्ख होईल. अब्बा ते ऐकून हबकायचे. काही वस्तूंवर पारदर्शक थर दिलेला असे. तो घासला की निघून जाई आणि मग ती वस्तू कायमची डागाळे. कुठली तशी आणि कुठली साधी, हे नखाने हलकं वाजवून ओळखायचं. काच आधी ओलसर फडक्याने, मग मऊ कोरड्या फडक्याने, आणि उजेडाकडे धरून तिरकी बघायची. एका फळीवरून सुरुवात करून शेवटच्या फळीपर्यंत पोचले की पहिली फळी पुन्हा मिठाने धुरकट झालेली असे.

गिऱ्हाईक आलं की अब्बा उठून उभे राहत, दोन्ही हात सदऱ्याच्या खिशांत घालून. बोलायचे ते, वस्तू उचलायची मी. "ती डावीकडची दाखव बेटा. खालून धर. आता उजेडात फिरव." त्यांचा आवाज त्या वेळी बदलायचा, मऊ आणि ठाम व्हायचा. काचेत हवेचा बुडबुडा मुद्दाम कसा ठेवतात, पितळ ओतल्यावर कडा हाताने कशी घासतात, हे ते असं सांगायचे की मलाही ऐकत राहावंसं वाटे. गिऱ्हाईक ऐकून घेई. मग विचारी, "शंखाशिंपल्यांचं काही आहे का?" किंवा मोबाइल काढून फोटो घेई आणि म्हणे, "ऑनलाइन बघतो." कुणाला फक्त पाणी प्यायचं असे. कुणाला बाथरूम हवं असे. महिन्याकाठी चार-पाच वस्तू जात, घेणारे बहुतेक मुंबईचे कुणीतरी, ज्यांना कुणाला तरी काहीतरी द्यायचं असे.

आणि लोक बाहेरून बघायचे. काचेच्या मागे मी दिवसभर बसलेली. बीचवर जाणारी पोरं गाड्या हळू करत. घोड्यावरून जाणारी लहान मुलं बोट दाखवत. अम्मीने एकदा खालच्या अर्ध्या काचेला पडदा लावला. अब्बांनी तो काढायला लावला. "दुकानाला पडदा लावतात का?" अम्मी पडद्याची घडी घालून आत गेली. मी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. मग अब्बा म्हणाले, "गिऱ्हाइकाला पाठ दाखवू नये."

माझी एक मैत्रीण रोज सकाळच्या एसटीने अलिबागला जायची. एसटी आमच्या कोपऱ्यावर वळताना जोरात हॉर्न देई. त्या वेळी मी शटर वर करत असे. पहिलं वर्षभर ती खिडकीतून हात करायची, मीही करायचे. दुसऱ्या वर्षी मी शटर दहा मिनिटं उशिरा उघडायला लागले. अब्बा म्हणाले, मी आळशी झालेय.

दुसरा सीझन गेला. तिसरा आला. दर जूनमध्ये मी विषय काढायचे आणि दर जूनमध्ये अब्बांचा हात आधीपेक्षा जास्त हलत असे. त्यांना आता शर्टाची बटणं लावता येत नव्हती. जेवताना ते चमच्याने खात आणि भात सांडला की आमच्याकडे न बघता वेचत. अशा माणसाला काय सांगायचं? मी विषय काढायचंच सोडून दिलं. पण मनातून गेलं नव्हतं. फळी पुसताना मी विचार करायचे, एखाद्या वादळात ही पडवीच उडून गेली तर. माणसं सगळी आत असतील, सुखरूप. फक्त पडवी जाईल. असले विचार यायचे आणि मग मी तोबा म्हणून जास्त जोरात पुसायचे.

तिसऱ्या वर्षी, हिवाळ्यात, एका शुक्रवारी दुपारी ती बाई आली. अब्बा जुम्म्याच्या नमाजला गेले होते, अम्मी मागे मासळी साफ करत होती. बाई पन्नाशीची, केस आखूड, पायात साधी चप्पल. तिने काहीही न विचारता एक पेपरवेट उचललं, खालून धरलं, उजेडात फिरवलं. मला वाटलं, अब्बा असते तर किती खूश झाले असते.

"हे सगळं कुणी निवडलंय?" तिने विचारलं.

"माझ्या वडिलांनी."

"त्यांना नजर आहे."

मग ती खुर्चीत बसली आणि सांगू लागली. चौलला सुपारीच्या वाडीत तिने जुनं घर घेतलं होतं. त्यात पाहुण्यांसाठी नऊ खोल्या करत होती, शांतपणे येऊन लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या लोकांसाठी. प्रत्येक खोलीत एक टेबल असणार होतं. प्रत्येक टेबलावर पेनदाणी, पेपरवेट, तबकडी, दिवा. शिवाय दिवाणखान्यासाठी वाडगे आणि स्टँड. "तुमच्याकडे आहे ते घेईन, उरलेलं तुम्ही मागवून द्या. आणि पुढे दर वर्षी लागेलच. फुटतं, हरवतं. तुम्ही मला कायमचे हवे आहात."

कायमचे. तो शब्द माझ्या कानात अडकला. मला पुढची वर्षं दिसली. नवा माल, नव्या पेट्या, नव्या फळ्या, आणि त्यांच्यामधून तिरकी चालणारी मी, तिशीची, चाळिशीची.

"आम्ही दुकान बंद करतोय," मी म्हणाले.

"अरे. कधी?"

"याच महिन्यात. अब्बांची तब्येत बरी नसते."

तिला खरंच वाईट वाटलं. तरीही तिने कार्ड दिलं. "वडिलांना सांगा, मन बदललं तर फोन करा." ती गेली. मी कार्ड माझ्या बारावीच्या भूगोलाच्या पुस्तकात ठेवलं. अब्बा परत आले तेव्हा टोपी काढता काढता त्यांनी रोजच्यासारखं विचारलं, "कोणी आलेलं का?"

"नाही," मी म्हणाले. "कोणी नाही."

त्यानंतरचे पाच-सहा आठवडे मी आयुष्यात विसरणार नाही. त्या वर्षी गर्दी कमी होती. अब्बा दुपारभर पायरीवर खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसायचे. गाडी हळू झाली की ताठ व्हायचे. गाडी पुढे गेली की पुन्हा सैल. एकदा ते स्वतःशीच म्हणाले, "माल वाईट न्हाय. लोकांना कळत न्हाय." मी आत पुस्तकात कार्ड आहे का ते बघून आले. फेकायची हिंमत नव्हती आणि द्यायचीही. आतापर्यंत मला दुसऱ्यांनी अडकवलं होतं असं वाटायचं. आता मी स्वतःलाच आणखी आत कोंडून घेतलं होतं. जायचं आहे हे आता कोणत्या तोंडाने सांगणार?

मग ती बाई पुन्हा आली. सुतार बरोबर होता. मी मागच्या फळीवर वाडगे लावत होते आणि अब्बा पुढे बसले होते.

"अजून चालू आहे तर!" ती आनंदाने म्हणाली. "मी इथून जात होते, उघडं दिसलं. तुमची मुलगी म्हणाली होती बंद करताय म्हणून."

माझ्या हातातला वाडगा मी फळीवर ठेवला, नाहीतर पडला असता. अब्बांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांचे खिशातले हात मात्र जोरात हलत होते, सदरा हलताना दिसत होता.

"व्हय," ते म्हणाले. "तसा विचार होता. आता नाही."

तिने सगळं पुन्हा सांगितलं आणि अब्बांनी ऑर्डर घेतली. लिहून मी घेतली, नेहमीप्रमाणे. नऊ पेनदाण्या, नऊ पेपरवेट. माझं अक्षर कधी नव्हे इतकं नीट आलं. ती गेल्यावर मी थांबले, ते काहीतरी बोलतील म्हणून. ते म्हणाले, "मुरादाबादला फोन लाव. पितळेचं आपण त्यांच्याकडून घेऊ."

ते मला रागावले असते तर बरं झालं असतं. कामाचं बोलायचे, जेवायचं विचारायचे, बाकी काही नाही. अम्मीला त्यांनी काही सांगितलं नव्हतं. तिच्या मात्र लक्षात आलं होतं. ती एकदा माझ्या ताटात माशाचा मधला तुकडा वाढता वाढता म्हणाली, "तुमचा दोघांचा काय चाललाय ते तुमचं तुम्ही बघा. पण घरात आवाज पायजे."

माल यायला अडीच महिने लागले. एप्रिलच्या सुरुवातीला आम्ही दोघं टेम्पोतून चौलला गेलो. वाडीत शिरल्यावर एकदम गार वाटलं. घराला ओल्या चुन्याचा वास होता, कामगार जेवायला गेले होते. मी एकेका खोलीत जाऊन टेबलावर वस्तू मांडत होते आणि अब्बा दारातून सांगत होते, थोडं डावीकडे, पेनदाणी खिडकीजवळ नको, ऊन लागेल. सातव्या खोलीत ते आत आले आणि टेबलाशी खुर्ची ओढून बसले. समोर खिडकी, खिडकीत सुपारीची झाडं. मी पहिल्यांदाच त्यांना अशा टेबलाशी बसलेलं बघत होते. बावीस वर्षं टेबलावरच्या वस्तू विकल्या, पण ते कधी टेबलाशी बसले नव्हते. दुकानात दिवसभर उभे, राहायच्या खोलीवर बारा माणसं जमिनीवर झोपायची.

त्यांनी पेनदाणीतलं पेन उचललं. ते टेबलावर टकटक वाजायला लागलं. त्यांनी ते खाली ठेवलं.

"तिला का सांगितलंस तसं?" त्यांनी विचारलं. इतक्या महिन्यांनी.

मी पेपरवेट हातात धरून उभी होते. "मला जायचंय अब्बा."

"कुठं?"

"अलिबागला. कॉलेजला. नाहीतर कुठंही. मला दुसऱ्यांची काच नाही सांभाळायची. मला रोज वाटतं, मी हलले तर काहीतरी फुटेल. मला हलायचंय."

मी रडले नाही, पण आवाज फाटला. बाहेर कुणीतरी पंप सुरू केला, पाटात पाणी आलं.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "पहिल्या वर्षीच माहीत होतं. पुढच्या वर्षी तर एसटीचा हॉर्न वाजला की तू शटरमागं उभी राहायचीस. मला दिसत होतं."

"मग?"

"मग काय. तू गेलीस तर माझं कसं होणार, एवढंच मला सुचायचं. तुझं कसं होणार, ते मी विचारलं न्हाय. विचारलं असतं तर सोडावं लागलं असतं."

त्यांनी माफी मागितली नाही. मीही मागितली नाही. मग आम्ही आठवी आणि नववी खोली लावली.

कुणाला वाटेल, दुसऱ्याच दिवशी दुकान बंद झालं. तसं झालं नाही. चौलची ऑर्डर बघून आणखी दोन बंगल्यांची आली आणि माझ्याशिवाय त्या पुऱ्या होणार नव्हत्या. पण जूनमध्ये अब्बांनी स्वतःच विषय काढला. मी घरी बसून, बाहेरून परीक्षा देऊन बी.ए. करायचं ठरलं. पुस्तकं दुकानातल्या टेबलावर आली. गिऱ्हाईक नसताना मी वाचायचे, गिऱ्हाईक आलं की बोट पानात घालून उठायचे. परीक्षेच्या दिवसांत दुकान बंद. मला ते अर्धंमुर्धं वाटायचं, पिंजऱ्याला खिडकी पाडून दिल्यासारखं. कृतज्ञ वाटायला हवं होतं. काही दिवस वाटायचं, काही दिवस नाही. मैत्रीण तोवर शिक्षिका झाली होती आणि सुट्टीत येऊन मला नोट्स द्यायची. त्या नोट्स घेताना मला तिचा राग यायचा, आणि ती गेल्यावर स्वतःचा.

शेवटच्या वर्षाची परीक्षा नेमकी मे महिन्याच्या गर्दीत आली. अब्बांना आता बोलतानाही त्रास व्हायचा, शब्द तोंडातच घोटाळायचे. ते म्हणाले, "आठ दिवस बंद ठेवू."

"कशाला बंद?" अम्मी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "मी बसते."

आम्ही दोघंही हसलो. खरंच हसलो, आणि मला अजून त्याची लाज वाटते.

"तू काचेला घाबरतेस," अब्बा म्हणाले.

"व्हय, घाबरायची. तुम्ही बावीस वर्षं दर सुट्टीत सांगत होतात, हात लावू नको, फुटंल. म्हणून घाबरायची." ती पदराला हात पुसत पुढे आली. "आज इतकी वर्षं झाली दुकानाला. दोघांतल्या कोणी मला एकदा तरी विचारलं, तू बसशील का?"

कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

मी परीक्षेला अलिबागला बहिणीच्या नणंदेकडे राहिले. आठव्या दिवशी परत आले तर अंगणात प्लास्टिकचे दोन टब होते. एकात साबणाचं पाणी, दुसऱ्यात साधं. अम्मी पाटावर बसून काचेचे वाडगे भांडी धुवावीत तसे धूत होती आणि सुपात उपडे घालत होती. अब्बा पायरीवरून बघत होते, चेहऱ्यावर दुखत असल्यासारखे भाव. "असं नसतं करायचं," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "चमकलं की न्हाय, ते सांगा," अम्मी म्हणत होती. चमकलं होतं.

त्या आठ दिवसांत तिने दोन पेपरवेट आणि एक स्टँड फोडला होता. आणि मी महिन्यात विकत नव्हते इतक्या वस्तू तिने विकल्या होत्या. हवेचा बुडबुडा वगैरे ती काही सांगत नव्हती. वाडगा दाखवून म्हणायची, "यात खजूर ठेवा, नाहीतर चाव्या ठेवा. चावी सापडत न्हाय ना घरात कुणाला?" बायका हसायच्या आणि घ्यायच्या. शंखाचं विचारणाऱ्यांना ती परत पाठवत नव्हती. कोळीवाड्यातल्या एका बाईकडून तिने टोपलीभर माळा आणून दारात टांगल्या होत्या. अब्बांना त्या माळा आवडल्या नाहीत. पण काढा असंही ते म्हणाले नाहीत.

जूनमध्ये मी बी.एड.साठी अलिबागला गेले, हॉस्टेलवर. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. वर्गात सगळ्यांत मोठी नव्हते, पण तशी वाटायचे. पहिले काही आठवडे मला मोकळं वाटेल असं वाटलं होतं. उलट झोपून राहावंसं वाटायचं, कुठे जावंसंच वाटेना. रविवारी मैत्रिणी फिरायला निघत, मी कॉटवर बसून राहायचे. कुणी अडवत नव्हतं आणि तरी उठता येत नव्हतं. ते जायला बरेच महिने लागले.

आज मी तळ्याच्या शाळेत शिकवते, बहिणीच्या घराजवळ खोली घेऊन राहते. अब्बा गेले, त्याला आता दोन वर्षं होतील. शेवटी त्यांना बोलता येत नव्हतं, पण दुकानात खुर्ची टाकून बसवलं की शांत असत. अम्मी अजून दुकान चालवते. चौलची बाई अजून तिच्याकडूनच घेते, आणि दोघी फोनवर अर्धा अर्धा तास काय बोलतात ते मला कळत नाही. मी सुट्टीत गेले की अम्मी म्हणते, जरा बस की पुढे, मी नमाज पढून येते. मी बसते. पंधरा मिनिटांच्या वर बसवत नाही.

त्या सहा वर्षांचा मला अजून कधी कधी राग येतो. वर्गात मुलं प्रश्नपत्रिका सोडवत असतात, सगळं शांत असतं, आणि तो एकदम वर येतो. कुणावर काढावा ते मला समजत नाही. अब्बांवर काढवत नाही, अम्मीवर काढायचा प्रश्नच नाही. मग मी उठून वर्गात दोन फेऱ्या मारते, आणि एखाद्या मुलीच्या पेपरवर वाकून बघते, किती लिहून झालंय.